रेव्हरंड पेनिमनांची हॅट

हॅट माझी होती. या हकिगतीतलं एवढं एकच वाक्य मी छातीठोकपणे सांगू शकतो, म्हणून ते आधी सांगून मोकळा होतो.

करडी, काळ्या फितीची, आतल्या चामडी पट्टीवर सोनेरी अक्षरांत 'वेंडेल क्राउझ' असं माझं नाव उमटवलेली. ती मला सासऱ्यांनी लग्नात दिली. माझे सासरे ऑगस्ट डीट्झ टोलीडोत हॅट तयार करतात आणि विकतात, आणि जगातल्या माणसांचे ते दोनच वर्ग मानतात. एक हॅट सांभाळणारे, दुसरे उरलेले. चर्चच्या पायरीवर लोक आमच्यावर तांदूळ उधळत होते. त्या गडबडीत त्यांनी ती स्वतःच्या हातांनी माझ्या डोक्यावर ठेवली, दोन पावलं मागे सरून पाहिली आणि म्हणाले, "वेंडेल, माणसाचं डोकं कधीकधी ठिकाणावर नसतं, त्याला इलाज नाही. हॅट मात्र ठिकाणावर असलीच पाहिजे."

सगळे हसले. ते हसले नाहीत.

वारा

पेनिमन कॉलेजात मी त्या सप्टेंबरात लागलो. विषय लॅटिन, विद्यार्थी पाच, वर्ग जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. खिडकीखाली कॉलेजचे संस्थापक रेव्हरंड पेनिमन ब्राँझमध्ये उभे आहेत. एका हातात बायबल, दुसऱ्या हाताचं बोट पश्चिमेकडे, जिथे त्यांना त्या काळी बहुधा उज्ज्वल भविष्य दिसलं असावं. हल्ली तिथे लाँड्री आहे. पुतळ्याचं डोकं उघडं.

ऑक्टोबरातला एक पावसाळी सोमवार. हॅट भिजली होती, म्हणून मी ती खिडकीच्या कठड्यावर वाळत ठेवली आणि क्रियापदं चालवायला घेतली. वारा आला. हॅट उठली, एक गिरकी घेतली, आणि अलगद, कुणी हाताने ठेवावी तशी, रेव्हरंड पेनिमनांच्या डोक्यावर जाऊन बसली.

पाचही विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शिकवण्याला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या.

(नंतर मी त्याच खिडकीतून खडूचा डस्टर, वर्तमानपत्र आणि एकदा स्वतःची छत्री सोडून पाहिली. एकही वस्तू तिथे जात नाही. हे शास्त्रात बसत नाही, पण लॅटिनच्या माणसाला शास्त्र कोण विचारतो?)

शिडी

काम साधं होतं. शिडी घ्यायची, हॅट काढायची, शिडी परत करायची. कॉलेजच्या आवाराची देखभाल मिस्टर कोझाक बघतात. मी त्यांच्या शेडवर गेलो.

"शिडी आहे?"

"आहे की."

"द्या मग."

"देतो. कुठे लावणार?"

"पुतळ्याला."

कोझाकनी तोंडातला पाइप काढला. "पुतळ्याला नाही लावता येत, प्रोफेसर. चौथरा एकोणीसशे अकराच्या बॅचचा. पुतळा माजी विद्यार्थी संघाचा. आपल्याकडे फक्त भोवतालचं गवत."

"मग शिडी गवतावरच टेकेल ना?"

"खालून हो. वरून कुठे टेकेल?"

मी डीन विदरबींकडे गेलो. डीन विदरबी फार सज्जन गृहस्थ. कुठल्याही प्रश्नाचं ते उत्तर देतात, फक्त ते त्याच प्रश्नाचं नसतं.

"क्राउझ, पुतळ्यावर चढायला मनाई आहे."

"मान्य. पण मग हॅट काढायची कशी?"

"पुतळ्याला हॅट घालायलाही मनाई आहे."

"मी घातली नाही. वाऱ्याने घातली."

"वारा आपल्या नोकरीत नाही," डीन मायेने म्हणाले. "माजी विद्यार्थी संघाची बैठक होमकमिंगच्या शनिवारी आहे, जुने विद्यार्थी सामना बघायला येतात तेव्हा. मांडा तिथे. आणि उघड्या डोक्याने फिरू नका. तुमचा चेहरा जरा... कोवळा आहे."

घरी आलो तर माझी बायको लॉर्ना फोनजवळच्या खुर्चीत बसलेली. ती खुर्ची आमच्याकडे वाईट बातमीसाठीच आहे.

"पपा येतायत. होमकमिंगला. फुटबॉल बघायला."

"त्यांना कुठे फुटबॉल आवडतो?"

"नाहीच आवडत. तुला बघायला येतायत." मग तिचं माझ्या डोक्याकडे लक्ष गेलं. "वेंडेल, हॅट कुठाय?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "होमकमिंगच्या आत काढ. मी त्यांना आत्ताच सांगितलंय, तू ती जेवतानाही काढत नाहीस म्हणून."

सल्ले, जसे मिळाले तसे

"बागेचा पाइप घ्या आणि पाण्याचा फवारा मारून खाली पाडा." (शेजारच्या मिसेस हॅगर्टी, पानं गोळा करताना, कुंपणावरून.)

"पाण्याने हॅट खराब होईल, मिसेस हॅगर्टी."

"मग कोरडा फवारा मारा."

"दुसरी हॅट घेऊन टाक ना." (पोस्टातला माणूस.) गावातलं एकमेव दुकान कान झाकणाऱ्या शिकारी टोप्या विकतं. शिवाय माझे सासरे दुसऱ्याच्या हातची हॅट रस्त्याच्या पलीकडून ओळखतात आणि रस्ता ओलांडून येतात.

"आमचे हे असते ना, तर त्यांनी मासे धरायच्या गळाने ओढली असती." (पुन्हा मिसेस हॅगर्टी.)

"त्यांचा गळ आहे का अजून?"

"त्यांच्याबरोबर पुरला."

आता जे सांगतो ते माझ्याच्याने सरळ सांगवत नाही

आपला संघ जिंकला.

हे वाक्य तुम्हाला निरुपद्रवी वाटेल. पेनिमनचा फुटबॉल संघ इतकी वर्षं हरत आला होता, की हरण्याची पोरांना सवय आणि प्राध्यापकांना गोडी लागली होती. आणि त्या शनिवारी, हॅट पुतळ्यावर जाऊन बसल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी, तो जिंकला. पोरांनी रात्रभर घंटा बडवली. सकाळी विचार सुरू झाला. प्रशिक्षक तोच, खेळाडू तेच, चिखलही तोच. मग नवीन काय?

सगळ्यांनी पुतळ्याकडे पाहिलं.

दुपारपर्यंत चौथऱ्याशी पहारा बसला. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाच्या पोरांची एक दक्षता समिती असते. पहिल्या वर्षाच्या मुलांनी हिरवी टोपी घातली आहे की नाही, ज्येष्ठांच्या बाकावर कुणी कनिष्ठ बसला नाही ना, असल्या गोष्टी ती बघते. कॉलेजात पदवीपेक्षा या समितीची भीती जास्त. तिचा प्रमुख डेल स्प्रेग, लाल केसांचा, दाराएवढा. समितीने ठराव केला: संघ हरेपर्यंत हॅटला कुणीही हात लावायचा नाही.

म्हणजे माझी हॅट परत मिळायला संघ हरणं आवश्यक. अख्ख्या गावात संघ हरावा म्हणून देवाकडे मागणं मागणारी माणसं दोनच, आणि दोघंही एकाच पलंगावर.

प्रार्थना

आठवड्यातून काही सकाळी चॅपलमधली प्रार्थना सक्तीची असते. सगळं कॉलेज आत, आवार रिकामं, पहाराही आत, कारण गैरहजेरीला समितीसुद्धा घाबरते. पुतळा आणि चॅपल यांच्यामध्ये हिरवळीचा एक तुकडा. मी स्वयंपाकघरातलं स्टूल कोटाखाली लपवून नेलं. (स्टूल कोटाखाली लपत नाही. आपण मनाशी ठरवायचं असतं.)

स्टुलावरून चौथऱ्यावर, चौथऱ्यावरून बायबलवर पाय. पेनिमनांच्या खांद्याला मिठी मारली. हात वर केला. बोटं हॅटच्या कडेला लागली, अगदी लागली, आणि त्याच क्षणी माझ्या कोटाची पाठ संस्थापकांच्या पश्चिमेकडे रोखलेल्या बोटात अडकली आणि पाय सुटले.

मी लोंबकळत होतो. तसा त्रास नव्हता. समोर चॅपलची लांब खिडकी होती आणि आतून भजनाचे सूर येत होते. मग माझ्या लक्षात आलं की भजन हळू होत चाललं आहे. एकेक आवाज गळत होता. शेवटी फक्त ऑर्गन उरला, आणि खिडकीच्या काचेला सगळं कॉलेज.

डीन खिडकीकडे पाठ करून बसतात. प्राध्यापक मंडळी पुढच्या बाकांवर डोळे मिटून असतात, त्याला प्रार्थना म्हणतात. त्यामुळे मला ओळखून तसं सांगेल असं एकही माणूस मला बघत नव्हतं. चॅपल सुटल्यावर स्प्रेगने मला कॉलरला धरून फळ काढावं तसं खाली काढलं आणि माझ्या उघड्या डोक्याकडे पाहिलं.

"पहिल्या वर्षाचा आणि टोपी नाही! वर हॅटला हात लावतोस?"

खटला (जिम्नॅशियमच्या पायऱ्यांवर, भर गर्दीत)

समिती: कोण तू?

मी: लॅटिनचा प्राध्यापक.

समिती: गेल्या आठवड्यात असले तीन प्राध्यापक सापडले. एक तर बिशप निघाला.

मी: माझे विद्यार्थी इथेच उभे आहेत. विचारा त्यांना.

समिती (पाच विद्यार्थ्यांना): याला ओळखता?

पाच विद्यार्थी (एकमेकांकडे बघून, एका सुरात, क्रियापदं कधी म्हटली नाहीत इतक्या स्पष्टपणे): नाही!

मी: ती हॅट माझी आहे! आतल्या पट्टीवर माझं नाव आहे. काढून बघा.

समिती: हॅट काढायला मनाई आहे.

मी: पण काढल्याशिवाय कळणार कसं?

समिती: म्हणूनच मनाई आहे.

मी: याला काही अर्थ आहे का?

समिती: परंपरा आहे.

शिक्षा: हिरवी टोपी, छोटी, वाटीसारखी, टोकावर बटण. घालायची कधीपर्यंत? हॅटचा आरोपी, म्हणून हॅटचीच मुदत. संघ हरेपर्यंत. शिवाय तिथल्या तिथे कॉलेजगीत, चारही कडवी. मला तीनच येत होती. चौथं मी लॅटिनमध्ये म्हटलं. कुणालाच फरक कळला नाही.

खुलासा, जो झाला आणि उपयोगाचा ठरला नाही

दुपारी डीन विदरबी भेटले आणि त्यांनी मला चटकन ओळखलं. स्प्रेगला बोलावलं. स्प्रेग खरंच शरमला.

"सॉरी, सर. तुम्ही अगदीच... म्हणजे तुम्ही फारच..."

"कोवळा," मी म्हणालो. "कळलं. टोपी घे परत."

तो हात पुढे करणार, एवढ्यात डीन म्हणाले, "उद्या सामना आहे ना रे?"

स्प्रेगचा हात जागीच थांबला. वारा. लाँड्रीचा वास.

"एक दिवसाचा प्रश्न आहे, क्राउझ. उगाच काही बदलायला नको. तुमच्या कायम नेमणुकीचं वसंतात बघतोच आहोत आपण. मिळून मिसळून वागणारा माणूस म्हणून माझ्या मनात नोंद राहील."

दुसऱ्या दिवशी परगावचा सामना संघाने जिंकला. त्यानंतर हॅट आणि टोपी यांच्यात फरक करणं कुणाला जमेना. कॉलेजच्या साप्ताहिकात माझा फोटो आला. मिसेस हॅगर्टींनी तो कापून आणून दिला. "तुमच्या मुलाचा आहे का हो? अगदी तुमच्यावर गेलाय."

शनिवार

सासऱ्यांची गाडी दारात थांबली. उतरले, स्वतःची हॅट उचलून मुलीला अभिवादन केलं, परत ठेवली. मग मला पाहिलं.

"वेंडेल, डोक्यावर काय आहे?"

"टोपी."

"मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे. टोपी कशाला म्हणतात ते मला सांगू नकोस. हॅट कुठाय?"

"बाहेर आहे," मी म्हणालो. हे खरं होतं.

"बाहेर कुठे?"

"हवेला ठेवलीय. तुम्हीच म्हणाला होतात, हॅटला हवा लागली पाहिजे."

"पपा, कॉफी घ्या आधी," लॉर्ना म्हणाली. "केक तर खा!"

लॉर्नाची योजना पक्की होती. गाडी तिने चालवायची, जिम्नॅशियमच्या मागून स्टेडियमला जायचं, पुतळा टाळायचा. पण होमकमिंगची मिरवणूक निघाली होती. कागदी फुलांनी मढवलेला एक प्रचंड वाघ जिम्नॅशियमच्या कोपऱ्यावर अडकला होता आणि पोलीस सगळ्या गाड्या हिरवळीकडे वळवत होता.

"हा तुमचा संस्थापक का?" सासरे म्हणाले, आणि मग, "थांबव."

"पपा, उशीर होईल."

"थांबव म्हणतो ना!"

ते उतरले. पुतळ्याभोवती मफलर गुंडाळलेले जुने विद्यार्थी, समिती, डीन आणि कोझाक उभे होते. सासऱ्यांनी मान वर केली. त्यांची पाठ मला दिसत होती, चेहरा नाही, आणि ते बरंच होतं. मी चर्चच्या पायरीवरचं सगळं बोलणं मनात पुन्हा ऐकलं. लॉर्नाने माझा हात धरला. इतका घट्ट तिने लग्नातही धरला नव्हता.

"शिडी," सासरे म्हणाले.

स्प्रेग पुढे झाला. "सर, हॅटला हात लावता येत नाही."

"पोरा, ती मी बनवली आहे."

स्प्रेगने समितीकडे पाहिलं. या मुद्द्यावर ठराव नव्हता. आणि शिडी आली! कोझाक स्वतः घेऊन आले, पुतळ्याला टेकवली आणि खालून धरलीसुद्धा.

"कोणाच्या परवानगीने?" डीननी विचारलं.

"त्यांनी विचारलं कुठे?" कोझाक म्हणाले. "त्यांनी मागितली."

सासरे चढले. हॅट उचलली. सगळ्या गर्दीने श्वास रोखला आणि मी खाली दोन्ही हात पसरून उभा राहिलो, वरून मूल टाकणार असल्यासारखा. पावसाने कड वाकडी झाली होती, फितीवर पक्ष्यांनी आपलं मत नोंदवलं होतं. त्यांनी खिशातून छोटा ब्रश काढला. आत पाहिलं, पट्टीवरचं माझं नाव वाचलं असावं. ब्रश फिरवला, मुठीने आतून फुगवली, चिमटीने घडी पुन्हा बसवली, कड सरळ केली. मग त्यांनी पेनिमनांच्या ब्राँझच्या डोक्याकडे पाहिलं. मग खाली माझ्याकडे. पुन्हा डोक्याकडे.

आणि ती त्यांनी पेनिमनांच्याच डोक्यावर ठेवली. दोन्ही हातांनी खाली दाबली, किंचित डावीकडे कलती केली.

खाली उतरून ते दोन पावलं मागे सरले, अगदी चर्चच्या पायरीवर सरले होते तसे, आणि बराच वेळ पाहत राहिले.

"त्याला शोभते," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर तुला कधी शोभलीच नव्हती, वेंडेल. लग्नाचा दिवस होता, म्हणून बोललो नाही."

बँड सुरू झाला. जुने विद्यार्थी सासऱ्यांची पाठ थोपटत होते. स्प्रेगने त्यांना सलाम ठोकला. मी अजून हात पसरून उभा होतो. काय झालं होतं? मी सुटलो होतो की कायमचा अडकलो होतो? लॉर्नाकडे पाहिलं तर ती रडत होती किंवा हसत होती, तेही मला नीट कळेना.

सामना

बरोबरीत सुटला.

चिखलात, अंधार पडेपर्यंत खेळून, बरोबरीत! हरलो असतो तर हॅट सुटली असती. जिंकलो असतो तर निदान ती का राहिली ते कळलं असतं. समिती बसली, डीन बसले, माजी विद्यार्थी संघ बसला. हरलो नाही, एवढ्यावर एकमत झालं. हंगाम संपला होता, तेव्हा पुढच्या शरद ऋतूपर्यंत हॅट आणि टोपी जिथल्या तिथे.

निघताना सासऱ्यांनी माझ्यासमोर उभं राहून हिरव्या टोपीचं बटण चिमटीत धरलं आणि टोपी बोटभर मागे सरकवली. "ही कपाळावर नाही ओढायची. अशी घाल. चेहरा दिसू दे." गाडीत बसताना लॉर्नाला म्हणाले, "मला वाटलं होतं, इथे याला कोणी ओळखत नसेल."

पार्सल

नाताळच्या आधी टोलीडोहून खोका आला. लॉर्नाने दोरी कापली. आत गडद तपकिरी, जाड, सुरेख हॅट.

"बघ!" ती म्हणाली. "विसरले नाहीत ते."

मी आरशासमोर जाऊन घातली. ती नाकावर येऊन थांबली. काढून पट्टी पाहिली. सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: रेव्ह. जे. पेनिमन. सोबत चिठ्ठी: 'हिवाळ्यासाठी. बदलायला वेंडेलला पाठव. त्याला चढायची सवय आहे.'

दुसऱ्या दिवशी बर्फ पडला. कोझाकनी शिडी दिली नाही, पुतळ्याला लावता येत नाही म्हणून. मी स्टूल घेऊन गेलो, या वेळी न लपवता. चॅपल भरलेलं होतं. मी बायबलवर पाय ठेवला तेव्हा भजन हळू झालं आणि मी जुनी हॅट उचलली तेव्हा थांबलं. नवी ठेवली. डावीकडे किंचित कलती.

आणि मग जुनी हॅट माझ्या हातात होती. करडी, काळ्या फितीची, आत माझं नाव. कुणाचीही हरकत नव्हती. मी हिरवी टोपी काढून खाली टाकली आणि हॅट डोक्यावर ठेवली.

ती थेट डोळ्यांवर आली. पावसात भिजून आणि उन्हात वाळून तिने पेनिमनांच्या डोक्याचा आकार घेतला होता, आणि संस्थापकांचं डोकं माझ्यापेक्षा बरंच मोठं होतं. आतल्या अंधारात फेल्टचा आणि पक्ष्यांचा वास येत होता.

"सर!" खालून स्प्रेगचा आवाज आला. मी हॅट वर करून पाहिलं. तो चॅपल सोडून बर्फात येऊन उभा होता. त्याने हिरवी टोपी झटकली आणि वर फेकली. मी झेलली, घातली, बोटभर मागे सरकवली.

बरोबर बसली.